काळी एकचा अर्जुन

मास्तरांनी बाड माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "एकच सांगणं आहे. खोडरबर लावू नकोस."

बाड म्हणजे 'संगीत सौभद्र'ची वहीत उतरवून घेतलेली संहिता. आमच्या गावच्या देवळाचा उत्सव कार्तिकातला, पाच दिवसांचा. त्रिपुरी पौर्णिमेला पालखी आणि आदल्या रात्री नाटक. जो नाटक बसवतो त्याच्या घरी हे बाड राहतं. पूर्वी ते मास्तरांच्या मामांकडे होतं, मग पस्तीस वर्षं मास्तरांकडे. आता डोळ्यांमुळे त्यांना रात्रीच्या तालमी जमेनात, म्हणून माझ्याकडे आलं. मी राजापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवते, गाण्याची विशारद आहे, आणि बरीच वर्षं या नाटकाची नांदी बसवून देत आले. एवढ्या भांडवलावर मी दिग्दर्शक झाले.

बाडाच्या समासात पेन्सिलीच्या खुणांचं जंगल आहे. निळ्या मामांच्या, तांबड्या मास्तरांच्या. कुठे 'हे पद थोरल्या घरचे', कुठे 'येथे बलराम हमखास विसरतो', एका पानावर नुसतंच 'पाऊस'. कापलेलं पद, पुढच्या कुणीतरी परत जोडलेलं, त्याच्यापुढच्याने पुन्हा कापलेलं. खोडरबर का नको, ते पहिल्या अंकातच कळलं. कुठलं पद कधी आणि कुणासाठी गेलं, हा गावाचा फेरफार उतारा आहे, आणि उतारा कुणी खोडत नाही.

नाटक किती चालवायचं हे आमच्याकडे देव ठरवतो. कीर्तन साडेदहाला आटोपतं, गुरव गाऱ्हाणं घालतो, अकराला पडदा. पहाटे पाचला काकडआरती. रंगमंच देवळासमोरच्या अंगणात, आणि पालखी तिथूनच फिरणार, म्हणजे चारला शेवटचा पडदा पडून बांबू सुटायला लागले पाहिजेत. मधे सत्कार असतात. सत्काराला कात्री लावता येत नाही. आमच्या नाटकातलं न कापता येणारं पद ते एकच. सौभद्राच्या मूळ संहितेत शंभरावर पदं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी लिहिलं तेव्हा लोक रात्र काढायच्या तयारीनेच यायचे. आमचेही येतात, पण काकडआरती तेव्हा आडवी येत नव्हती.

नाटक सौभद्रच का, हा वाद गणपतीत झाला. गणपतीला मुंबईकर गावी येतात, तेव्हाच्या बैठकीत नाटक आणि पात्रं ठरतात. तरुण मंडळींना 'कट्यार काळजात घुसली' हवं होतं. २०१५च्या चित्रपटानंतर दर वर्षी कुणीतरी ते काढतंच. मी म्हटलं, कट्यारला दोन गवई लागतात, तेही एकमेकांना भारी पडणारे, आणि असे दोन आपल्याकडे आले तर नाटक राहील बाजूला. सगळे हसले, आणि सौभद्र ठरलं. खरं कारण मी बोलले नाही. मला सौभद्र आवडतं ते त्यात कुणी कुणाला मारत नाही म्हणून. पाच अंक नुसती लग्नाची खटपट. थोरला भाऊ बहिणीला दुर्योधनाच्या घरी द्यायला निघालाय, धाकटा भाऊ आतून सूत्रं हलवतोय, आणि जावई दाढी लावून संन्यासी होऊन बागेत बसलाय. त्याच्या सेवेला बहिणीला नेमतो कोण, तर बलरामच. देवांची नावं काढली तर ही कुठल्याही वाडीतली गोष्ट. शिवाय १८८२ साली १८ नोव्हेंबरला पुण्यात याचे पहिले तीन अंक झाले आणि पुढच्या वर्षी पाच अंक पुरे झाले, तेव्हा ते लिहिणारा माणूस सरकारी कचेरीत नोकरी करून नाटक करणारा होता. म्हणजे आमच्यातलाच.

घटस्थापनेला नारळ फुटला. सहा आठवडे हातात, आणि हेच सहा आठवडे भातकापणीचे. माणसं दिवसभर वाकून रात्री नऊला शाळेच्या वर्गात येत. बलराम आमचा वाणी, पाठांतर शून्य, पण राग खरा. सुभद्रा अंगणवाडीताई, तिचं दोन वर्षांचं पोर तालमीत बाकावर झोपायचं. रुक्मिणी आरोग्य केंद्रातली नर्स, तिच्या नाइट ड्युट्या बघून दुसरा अंक बसवायचा. नारद एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. बावीस वर्षं तेच नारद आहेत आणि बाजारात त्यांना हाक तीच, "ओ नारद, भेंडी कशी घेतलीत?"

अर्जुन डोंबिवलीला होता.

अर्जुन थोरल्या घरचा. त्याच्या आजोबांनी केला, चुलत्यांनी केला, आता हा करतो. मुंबईकर मंडळाच्या वर्गणीतून ऑर्गन, लाइट आणि ड्रेपरीवाल्याचं भाडं जातं, आणि त्या वर्गणीत थोरल्या घराचा आकडा सगळ्यांत वर असतो. या दोन गोष्टींचा संबंध बैठकीत कुणी बोलत नाही, कारण बोलायची गरज पडत नाही. अर्जुन वाईट मुळीच नव्हता. डोंबिवलीत रीतसर गाणं शिकतो, आवाज गोड, तान स्वच्छ. फक्त तो येणार नाटकाच्या दोन दिवस आधी. तोवर त्याने आपली पदं मोबाइलवर गाऊन पाठवली आणि खाली लिहिलं, 'सूर काळी एक.'

इथे सुराचं थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. संगीत नाटकात प्रत्येक गाणाऱ्याचा आपापला सूर. पेटीवरची काळी एक ही बऱ्याच पुरुषांना सोयीची. बायकांचा सूर त्याहून बराच वर, काळी चारच्या आसपास. मग अर्जुन गाऊन थांबला आणि लगेच सुभद्रेने उचलायचं असेल तर कानाला धक्का बसतो. पण अर्जुन काळी एक आणि सुभद्रा काळी चार अशी जोडी जमली तर तिचा षड्ज त्याच्या पंचमावर येतो. त्याचं गाणं जिथे विसावतं, तिथून तिचं उठतं. ऑर्गनवाल्याला काही करावं लागत नाही, नुसता पाय चालू ठेवायचा. तबलजी मात्र दोन तबले लावून बसतो, एक याच्या सुराचा, एक तिच्या. आमची अंगणवाडीताई नेमकी काळी चारची. डोंबिवलीचा संदेश वाचून मी टाळीच वाजवली होती. निम्मं नाटक सुरातच बसलं, असं वाटलं.

पण तालमीला कुणीतरी उभा हवा. नाहीतर सुभद्रा लाजणार कुणाकडे बघून? चिरेखाणीवर हिशेब लिहिणारा एक पोरगा पडदे बांधायला मदत म्हणून यायचा. चोवीस-पंचवीसचा, खालच्या वाडीतला. खालच्या वाडीचं उत्सवातलं काम मांडवाचं, बांबूचं, मशालीचं. रंगमंचावर त्यांच्यातलं कुणी चढल्याची खूण बाडातही नाही. हे 'नाही' कुणी घातलेलं नाही, आणि काढलेलंही नाही. मी त्याला म्हटलं, "तू राहशील का रे, अर्जुनाच्या जागी? नुसतं उभं राहायचं."

"ऱ्हातो की," म्हणाला. "बोलू पण का?"

चार दिवसांत त्याला पहिला अंक पाठ होता. आठव्या दिवशी सुभद्रेचा पार्ट पण. तो वाक्य कधी घाईने टाकायचा नाही. समोरच्याचं बोलणं पोचेपर्यंत थांबायचा, मग मान वळवायचा. बलराम विसरला की हा अर्जुनाच्याच तोंडून असं काही विचारायचा की बलरामाला पुढचं आठवावं, आणि प्रॉम्प्टरला कळायचंही नाही की अडलं होतं. हे कुठून आलं, असं मी विचारलं. त्याला प्रश्नच कळेना. मग म्हणाला, "बाई, शिमग्यात आमचं नमन असतं ना. मी संकासुर करतो." त्यांच्या वाडीचं हे नमनाचं लोकनाट्य परळच्या दामोदर हॉललाही तिकीट लावून झालं होतं. आमचं सौभद्र एवढ्या वर्षांत देवळाचं अंगण सोडून कुठे गेलेलं नाही.

त्याचं गाणं मात्र मला बेताचं वाटलं. पदं बरोबर म्हणायचा, लय पक्की, पण आवाज दबलेला, जणू हंड्यात तोंड घालून गातोय. ऑर्गन तालमीला नसतो, पेटी मीच वाजवायची, आणि पेटी काळी एकवर, कारण सुभद्रेच्या कानाला तीच सवय लागायला हवी. मी मनात नोंद केली: अभिनय उत्तम, गळा नाही. शिक्षकाला अशी नोंद करायची सवय असते. एकदा केली की पुन्हा वही उघडून बघायची नसते, ही वाईट सवयही असते.

आता कात्रीचं. पहिल्या वाचनाला नाटक सव्वापाच तास चाललं, सत्कार सोडून. मी जांभळी पेन्सिल घेतली आणि बसले. मोठी, नाव असलेली पदं ठेवायची हे ठरलेलंच. त्यांसाठी तर लोक येतात. मग मधल्या साक्या, दिंड्या, कामदा असलं सगळं एका बैठकीत उडवलं. चार-चार ओळींची किरकोळ पदं, एकेक मिनिटाची. पस्तीस मिनिटं वाचली. मी खूश.

दुसऱ्या दिवशी नारद तालमीला वेळेआधी आले. वीणा बरोबर घेऊन. वीणा म्हणजे आमच्या सुताराने केलेली फणसाच्या लाकडाची, तारांच्या जागी मासे पकडायचा नायलॉन.

"बाई, माझ्या दिंड्या गेल्या म्हणतात."

"वेळ बसत नाही हो."

"ते खरं. पण मला तान येत नाही. दिंडी येते. दिंडी काढलीत तर मी ही धरून नुसता उभा राहू? की तिकिटं फाडू?"

मी हसले, ते हसले नाहीत. बाकावर बसले आणि म्हणून दाखवू लागले. ऐकताना आधी लाज वाटली, मग उजेड पडला. ती चाल मी रोज ऐकत होते. उत्सवात भोवत्या घालताना लोक जी पदं म्हणतात, कीर्तनात बुवा आख्यान पुढे नेताना ज्या चालीवर धावतात, ती हीच. नऊ आणि दहा मात्रांची ती हेलकावणारी ओळ गावातल्या प्रत्येकाच्या तोंडात आहे. अण्णासाहेबांनी नाटकात गाणं आणलं ते नुसत्या बैठकीतून नाही. साकी, दिंडी, ओवी असलं जे माजघरात आणि देवळात होतं तेही उचललं. आणि त्यांनी ते किरकोळ म्हणून टाकलेलं नाही. गोष्ट तिथे पुढे सरकते. मोठ्या पदात अर्जुन एकाच दुःखात दहा मिनिटं बसतो, दिंडीत उठून निर्णय घेतो. मी निर्णय कापले होते आणि दुःखं ठेवली होती. म्हणून परवाच्या तालमीत वेळ कमी होऊनही नाटक लांबल्यासारखं वाटत होतं!

मग उलटं केलं. दिंड्या सगळ्या परत. मोठ्या पदांना हात घातला: अंतरा एकच, आलाप मर्यादित, वन्समोअर अंकाला एक. गाणाऱ्यांचे चेहरे पडले, कारण घरी सांगून झालं होतं की अमकं पद मी म्हणणार. डोंबिवलीलाही कळवलं. अंगठा आला. मास्तरांना बाड दाखवायला गेले, तर ते डोळ्यांजवळ धरून माझ्या जांभळ्या रेघा आणि त्यांवरच्या, परत घेतल्याच्या जांभळ्या टिंबांची ओळ बघत राहिले. "पहिल्या वर्षी मी पण हेच केलं होतं," म्हणाले. तांबडी रेघ, तिच्यावर तांबडी टिंबं. मी बघितलीच नव्हती.

दिवाळी मधे गेली. ऑर्गन रत्नागिरीहून टेंपोत आला, गादीत गुंडाळून. आमचे ऑर्गनवाले काका पोस्टातून निवृत्त. पायाने भाता मारायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे; म्हणून पेटीपेक्षा ऑर्गनची साथ भरीव. पण कोकणच्या दमटीत त्याचा एखादा सूर बसतोच. या खेपेला नेमका सुभद्रेचा मध्यम. काकांनी मागची फळी काढली, आकडी घालून रीड ओढली, फुंकली, चष्म्याच्या फडक्याने पुसली, परत बसवली. नाही. पुन्हा ओढली. पितळेच्या त्या इवल्या जिभेखाली भाताचं कूस होतं, केसाएवढं. शाळेच्या पटांगणात झोडणी चालली होती, तिथून उडून आलेलं. काकांनी ते नखावर घेऊन सगळ्यांना दाखवलं.

अर्जुन ठरल्याप्रमाणे दोन दिवस आधी, सकाळच्या गाडीने राजापूर रोडला उतरला. डमी अर्जुन बाजूला झाला आणि पडद्याच्या दोऱ्या तपासायला गेला. कुणी त्याला काही बोललं नाही. मीही नाही. मनात आलं होतं. खोटं का सांगू, पहिल्या रंगीत तालमीत अंगणवाडीताई दोनदा चुकीच्या बाजूला वळली, जिथे सहा आठवडे तो उभा असायचा तिथे, तेव्हा फार स्पष्टपणे मनात आलं. संध्याकाळी मी मंडळाच्या एका जाणत्या माणसाकडे नुसता विषय काढला. "बाई," ते शांतपणे म्हणाले, "लाइटवाल्याचे पैसे अजून द्यायचे आहेत." मी विषय मिटवला. त्या माणसाला दोष देत नाही. मला दुसरं वाक्य बोलता आलं असतं, ते मी बोलले नाही, एवढंच. स्वतःला कारण दिलं ते गळ्याचं. अभिनयाचं ठीक आहे, पण सौभद्राचा अर्जुन गायला नको का?

नाटकाच्या रात्री थंडी चांगली पडली होती. पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या, त्यामागे गाड्यांच्या टपांवर पोरं. पिवडीचा आणि स्पिरिट गमचा वास, विंगेत चहाची किटली. तिसरी घंटा झाली, नांदी सुरात लागली, आणि माझं काम संपलं. हे कुणी आधी सांगत नाही. सहा आठवडे जी बाई प्रत्येक पावलाला बोलत होती, तिला आता विंगेत उभं राहून दुसऱ्यांचे ओठ बघत आपले हलवण्यापलीकडे काही नसतं.

पहिला अंक वेळेत झाला. नारदांच्या दिंडीला मागच्या खुर्च्यांतून चार-पाच म्हातारे आपसूक म्हणू लागले, तेव्हा अंगावर काटा आला. दुसऱ्या अंकात अर्जुनाचं मोठं पद. सुरेख झालं. डोंबिवलीहून आलेल्या मित्रमंडळींनी वन्समोअर दिला. घेतला, तो ठरलेला होता. मग दुसरा. तोही घेतला, यावेळी अधिक तानांनिशी. तिसऱ्याला त्याने विंगेकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही. त्याने ती होकारार्थी घेतली असावी, किंवा समोरचा दिवा डोळ्यांत होता. त्या पदाला सतरा मिनिटं लागली. ऑर्गनवाले काका पाय मारता मारता माझ्याकडे बघत होते, त्यांना गुडघ्याचा त्रास आहे.

सतरा मिनिटं कुठून तरी काढायचीच होती. सत्कारातून निघत नव्हती. चौथ्या अंकाआधी मी बाड उघडलं आणि रुक्मिणीचं एक पद आणि त्यापुढचा प्रवेश अर्धा कापला. नर्स मुकुट नीट करत होती. मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मिस्टरांना मोबाइल तेवढ्यासाठीच चार्ज करून आणायला सांगितला होता." दुसरं काही बोलली नाही. मला ती रागावली असती तर बरं झालं असतं.

यतीच्या वेशात अर्जुनाची दाढी डाव्या गालावरून सुटली. घामाने सुटते. अर्जुन तिला हात लावायला लागला, आणि जितका हात लावावा तितकी ती अधिक सुटे. लोक हसू लागले आणि तो वाक्य विसरला. प्रॉम्प्टर दुसऱ्या बाजूला. तेवढ्यात माझ्यामागून, पडद्याच्या दोरीशी बसलेल्या त्या पोराने वाक्य दिलं. हळू नाही, कुजबुजही नाही. अर्जुनाच्याच पट्टीत असं दिलं की प्रेक्षकांना वाटलं रंगमंचावरूनच आलं. मग म्हणाला, "दंडावर गाल टेका." अर्जुनाने त्रिदंडावर डावा गाल टेकला, यती समाधीत गेल्यासारखा, आणि दाढी दांड्याने दाबून धरून उरलेला प्रवेश तसाच केला. टाळी पडली. समीक्षक असते तर म्हणाले असते, अभिनयात केवढी शांती.

चार वाजून दहा मिनिटांनी शेवटचा पडदा. भरतवाक्य, हार, फोटो. मग सगळे चहाला गेले आणि मी बाड शोधायला परत आले. ते ऑर्गनवर राहिलं होतं. अंगणात दोनच ट्यूबलाइट चालू. खालच्या वाडीची चार पोरं बांबूच्या गाठी सोडत होती, आणि तो जंगलाचा पडदा गुंडाळत होता, गुडघ्यावर, एकटा. गुंडाळता गुंडाळता गात होता. पहिल्या अंकातली अर्जुनाची दिंडी, मी आधी कापलेली.

मी ओळखलंच नाही आवाज. हंड्यातून येणारा नव्हता तो. उंच, उघडा, वाडीच्या या टोकाची हाक त्या टोकाला ऐकू जावी तसा. शेवटच्या शब्दावर त्याने जराही न ताणता स्वर सोडून दिला आणि पडद्याला एक वेढा दिला. मी ऑर्गनपाशीच होते. पाय मारून हलकेच पट्टी शोधली. काळी एक नाही. काळी दोन नाही. पांढरी चार. त्याच्या षड्जापासून मी त्याला सहा आठवडे चार पट्ट्या खाली दाबून ठेवलं होतं, दुसऱ्याच्या सुरात, आणि वर म्हणत होते गळा नाही.

"अरे, तू बोलला का नाहीस? हा सूर तुझा नाही म्हणून?"

त्याने वर पाहिलं. त्याला ऑर्गन ऐकू आला होता. "बाई, तो सूर अर्जुनाचा होता ना," म्हणाला. "मी आपला उभा होतो."

काकडआरतीची घंटा झाली. पडदा दोघांनी उचलून धर्मशाळेत टाकला.

घरी आल्यावर मी बाडात त्या दिंडीच्या समासात 'पांढरी चार' असं लिहिलं. जांभळ्याने. पुढचा बाडवाला विचारात पडेल.

मार्गशीर्षातल्या हिशेबाच्या बैठकीत मी म्हटलं, पुढल्या वर्षी पात्रं तालमीला येणाऱ्यांतूनच घ्यावीत. बोलताना आवाज थोडा कापला. विरोध कुणी केला नाही. "बघू," म्हणाले, "गणपतीत ठरवू." आमच्याकडे 'बघू'ला दहा अर्थ आहेत, आणि त्यांतले नऊ मला ठाऊक आहेत. नर्सबाई त्या बैठकीला नव्हत्या.

तो पोरगा फाल्गुनात शाळेच्या फाटकाशी उभा होता. मला वाटलं गणपतीबद्दल काही विचारायला आला. "बाई, आमचा पेटीवाला पुण्यात नोकरीला लागला," म्हणाला. "शिमग्याला तुमी बसाल का? चार रात्री आहेत. जेवण आमच्याकडे. पैसे थोडे मिळतील."

मी नमन लहानपणी लांबून पाहिलेलं, वडिलांच्या खांद्यावरून. आता सतरंजीवर मृदंगवाल्याच्या शेजारी बसले. झाडाला बांधलेले बल्ब, मागे एकच पडदा. इथे संहिता नव्हती, बाड नव्हतं, काय कापायचं ते मला कुणी विचारलं नाही. एक म्हातारा कानात सांगायचा, "आता गवळण," "आता जरा ओढून धरा." मी धरत होते. मास्तरांना म्हणे कुणीतरी दुचाकीवरून आणून मागे बसवलं होतं.

संकासुर यायच्या आधी तो साध्या कपड्यांत गायला उभा राहिला. मृदंगावर थाप पडली. मी भाता ओढला आणि सवयीने बोट ठेवलं.

तो वळला. एवढ्या माणसांत, हसून, पण अगदी स्पष्ट म्हणाला, "बाई, पांढरी चार."